आयडेलाच्या गळ्यातली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण. माझी डावी काच धुरकटली आहे, पट्टा तुटून पुन्हा शिवलेला आहे. तरी दूरचं सगळं मला अजून आठवतं.

काच घासघासून मला डोळे आले ते एका कारखान्यात. पण मी बघायला शिकले ती अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर, आयडेलाच्या गळ्यात. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी बंदूक जावयाला दिली आणि मला लेकीला. "बंदूक काय, कुणीही चालवेल," ते म्हणाले, "आधी दिसायला हवं."

तो मुलूखच तसा. झाड नाही, आडोसा नाही; सेजची करडी झुडपं, त्यांवर भुरभुरलेलं बर्फ, आणि वारा. आम्ही शोधायचो त्या म्यूल हरणाचा रंगही तोच करडा. नुसत्या डोळ्यांना माळ रिकामा वाटे. आयडेला गुडघ्यांवर कोपरं टेकून मला डोळ्यांशी धरायची आणि सावकाश माळ विंचरायची, लेकीचे केस विंचरावेत तसा. मग कुठंतरी खेचरासारखा लांब कान हलायचा. ती बोट दाखवायची आणि तिचा नवरा व्हर्लिन बंदूक घेऊन निघायचा. तिनं बघायचं, त्यानं चालायचं. हिवाळाभराचं मांस असं घरात यायचं.

शेजारचा ऑर्विल चिडवायचा, "व्हर्लिन, शिकार तुझ्या बायकोची. तू नुसता हमाल."

"हमालाला जेवण बरं मिळतं," व्हर्लिन म्हणायचा.

त्या हरणाला एक खोड आहे. बिचकलं की चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखं उसळत पळतं. पण टेकडीपलीकडे उतरण्याआधी थांबतं आणि एकदा वळून बघतं. गोळी सुटते ती तेव्हाच. त्या क्षणी आयडेला मला खाली करायची. "जायचं तर सरळ जावं ना," ती पुटपुटायची. "वळून कशाला बघतं?"

पुढं तिचे डोळे अधू झाले. ते सर्वांत आधी मला कळलं. तिचं बोट नजर जुळवायचं माझं चाक पुढंमागं फिरवत राहायचं. माझ्या काचा तेव्हा लख्ख होत्या, माळही लख्ख होता. धुकं तिच्या डोळ्यांत होतं. सदऱ्याच्या टोकानं मला पुसपुसून ती म्हणायची, ही दुर्बीण म्हातारी झाली. मी तो दोष घेतला. मला बोलता आलं असतं, तरी मी बोलले नसते.

शिकारीच्या त्या हंगामात तिनं बोट दाखवलं. मोठा नर बसलाय, म्हणाली. व्हर्लिननं मला घेऊन पाहिलं. तिथं नुसता खडक होता. त्यानं मला बराच वेळ डोळ्यांवरून काढलं नाही. मग "दिसला" म्हणाला, आणि बर्फात पोटावर सरपटत त्या खडकाकडे निघाला. दुपारी परतला तेव्हा दाढीत बर्फ गोठलं होतं. "वारं फिरलं. माझा वास लागला, उठून गेला."

पुढच्या हंगामात दुसरा खडक. त्याच्या पुढच्या हंगामात तिसरा. घरात मांस यायचं ते ऑर्विलनं दिलेलं. एकदा उतरताना ती म्हणाली, "हल्ली वारं फारच फिरतं रे."

"हो ना," तो म्हणाला. तिनं आपला हात त्याच्या कोटाच्या खिशात सारला. त्यानंतर ती माळावर आली नाही.

मी गाडीच्या खणात धूळ खात पडले. आयडेला गावातल्या वृद्धाश्रमात, खिडकीशेजारच्या पलंगावर पडली. एका सकाळी व्हर्लिननं मला तिथं नेलं. हंगाम सुरू झालाय, तो म्हणाला, आणि मला डोळ्यांशी धरून खिडकीत उभा राहिला. बाहेर उभ्या गाड्या होत्या आणि चिखल झालेलं बर्फ. तो सांगू लागला: माद्या चरताहेत, मागं नर आहे, केवढी शिंगं! तिनं वारं कुठलं ते विचारलं. त्यानं सांगितलं.

"बिचकला," तो म्हणाला. "निघाला टेकडीकडे."

"वळून बघितलं का त्यानं?"

माझ्या काचा ओल्या झाल्या होत्या. व्हर्लिननं मला खाली घेतलं, मागं वळून पलंगाकडे पाहिलं.

"थांबलाय," तो म्हणाला. "तुझ्याकडेच बघतोय."

"मग आज मारू नकोस."

हंगाम संपायच्या आत ती गेली. सरळ गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या काचा पुसत जा. आणि ज्यांना दिसेनासं झालंय, त्यांच्याजवळ बसून सांगत जा, बाहेर काय दिसतंय ते. माझ्यापुरतं मागणं एवढंच, की मला पेटीत बंद करू नका. टेकडीकडे तोंड करून ठेवा. कुणी वळून बघितलंच, तर दिसायला हवं.