एकही तक्रार नाही

जेद्द्यात बलद या जुन्या भागातल्या एका हॉटेलसाठी मुदस्सरने पाहुण्यांच्या तक्रारींचं ॲप बनवलं. तक्रार आली की त्याचाच फोन वाजणार होता. आठवडा झाला, फोन गप्प. त्याचा कफील, म्हणजे हॉटेलचा मालक, इतका खूश की ऑफिसभर बसबूसाची मिठाई वाटत सुटला.

मुदस्सरला मात्र घास गिळवेना. एसी जुनाट, लिफ्ट अडकणारी, आणि उमऱ्याच्या यात्रेला आलेले इजिप्तचे पाहुणे गप्प बसतील? शक्यच नाही!

तो तडक लॉबीत उतरला. एक आजोबा वैतागून मोबाइलवर बोट आपटत होते. खोलीचा नंबर टाकला होता, तरी तक्रार पाठवायचं बटण राखाडीच. मुदस्सरने पडद्याकडे नीट पाहिलं. आकडे अरबी होते. इथे गाड्यांच्या पाट्यांवर तो रोज वाचायचा तेच! बटणाला मात्र त्याने फक्त इंग्रजी आकडे शिकवले होते.

तिथेच लॅपटॉप उघडून त्याने चूक सुधारली आणि आजोबांना ॲप पुन्हा उघडायला लावलं. बटण हिरवं झालं.

मुदस्सरचा फोन वाजला. लगेच पुन्हा वाजला. मग थांबेचना.

समोरून कफील उरलेली मिठाई घेऊन हसत येत होता.