कस्तुराची सूचना

"बोला, मोकळेपणानं बोला. इथं कुणी साहेब नाही, कुणी शिपाई नाही," प्राचार्य म्हणाले.

चिंचवडच्या त्या कॉलेजात प्राध्यापक खुर्च्यांवर बसले होते, शिपाई भिंतीला टेकून उभे होते आणि झाडूवाल्या बाया दाराबाहेर होत्या. कामाची जागा सुधारायला कर्मचाऱ्यांच्याच सूचना घ्या, असं विद्यापीठाने कळवलं होतं. कुणी पंखा मागितला, कुणी कपाट. त्यापलीकडे कुणी काही मागितलं नाही. "मी साहेब नाही" म्हणणाऱ्या साहेबासमोर तोंड उघडायला छाती लागते.

"साहेब, आमचं पान्याचं बगा," दारातून झाडूवाली कस्तुरा म्हणाली.

"का? पाणी कमी पडतं?"

"पानी लई हाय. पर दत्तोबा वरून वतत्यात अन् आमी वंजळ धरतो. आमाला बी समद्यांच्याच माठातलं, आमच्या हातानं घ्यायचंय. दुसरं काय न्हाई."

दत्तोबा शिपाई जमिनीकडे बघू लागला. तसा तो वाईट माणूस नव्हता. कस्तुराची पोरगी तापाने फणफणली होती तेव्हा टांगा त्यानेच आणला होता. पेला मात्र त्याने तिच्या हाती कधी दिला नव्हता.

"आपल्याकडं असं काही नाही हं," प्राचार्य घाईघाईने म्हणाले. मग जरा विचार करून हसले. "पण सूचना उत्तम आहे. आठवड्यात व्यवस्था होईल."

कस्तुरा चिखलीच्या वाटेने घरी निघाली ती जवळजवळ पळतच. तिचा नवरा खंडू पिंपरीच्या एका कंपनीत होता. हे खूळ तिच्या डोक्यात त्यानेच घातलं होतं.

"आमच्या कँटीनला पाटील ज्या गिलासानं पितो, त्याच गिलासानं मी पितो," तो नेहमी सांगायचा. "तुज्या कालेजात तर समदी शिकल्याली मानसं!"

"शिकल्याली हायेत, म्हून तर तोंडानं काय बोलत न्हाईत," ती म्हणायची. पण त्या दिवशी तिने आपले शब्द मागे घेतले. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. आपण एक वाक्य बोललो आणि ऐकणाऱ्याने ते ऐकलं, याचा तिला केवढा तरी आनंद झाला होता.

सोमवारी तिला मागच्या व्हरांड्यात बोलावणं आलं. तिथे, संडासाच्या भिंतीलगत, लाकडी तिवईवर नवाकोरा माठ ठेवला होता. माठाला झेंडूचा हार, वर स्टीलचा पेला. नारळ फुटला. प्राध्यापक अर्धवर्तुळ करून उभे राहिले.

"कस्तुराबाईंच्या सूचनेवरून हा माठ खास यांच्यासाठी," प्राचार्य म्हणाले. "आता यांना कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. पहिला पेला त्यांनीच प्यावा!"

टाळ्या पडल्या. कस्तुरा एवढा धीर करून बोलली होती ते सगळ्यांच्या त्या मोठ्या माठाशी जायला. आता तिकडची वाटच बंद झाली होती. आणि बंद केली होती तिच्याच नावाने.

"पी बाई, समदी बगत्यात," जोडीची तानुबाई कुजबुजली. "नोकरी जाईल."

कस्तुराने पेला भरला. पण ओठाला लावला नाही. ती दत्तोबासमोर जाऊन उभी राहिली आणि पेला पुढे केला.

"दत्तोबा, इतकी वर्सं तुमी पाजलं. आज पयला घोट माज्या हातचा घ्या."

दत्तोबाने प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य माठाकडे बघत होते. दत्तोबाचे दोन्ही हात हळूहळू पाठीमागे गेले.

"मला... आत्ताच चहा झालाय, कस्तुरा," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला होता, पण हात पाठीमागेच राहिले.

"चला, चला, तास सुरू होतील," कुणीतरी म्हणालं. मंडळी पांगली. शेवटी दत्तोबाही गेला.

कस्तुरा सकाळपासून झाडत होती. घसा कोरडा पडला होता. ती ते पाणी उभ्याउभ्याच प्यायली. पाण्याचा काय दोष?

मग तिने पेला माठावर पालथा घातला. व्हरांडाभर नारळाची करवंटी, शेंड्या आणि झेंडूच्या पाकळ्या पसरल्या होत्या. तिच्याच सत्काराचा तो कचरा. तिने पदर खोचला, झाडू घेतला आणि ती सगळं एका कोपऱ्यात गोळा करायला लागली.