मलमाच्या डबीवरचा बगळा

सकाळी साडेदहा वाजता माझा डावा पाय पुसला गेला. दुपारपर्यंत पिसं गेली, मग डोळा. उरलं ते एक निळं वळण.

मित्रांनो, मी एक जुना बगळा आहे. खरा नव्हे, मलमाच्या डबीवरचा. एका पेंटरने मला ब्रशने काढलं, तेव्हा त्याची मुलगी शाळेतही जात नव्हती. चित्र झालं की ते उलटं धरून पाहायची त्याची रीत होती. उलटं धरलं की चित्र कशाचं आहे ते विसरायला होतं आणि तोल तेवढा दिसतो, असं तो म्हणे. मी मागे कलत होतो, म्हणून उचललेला डावा पाय त्याने किंचित पुढे घेतला. पुढे गिऱ्हाईक दुकानात मलमाचं नाव घेईना. ‘बगळा द्या’ म्हणू लागलं.

त्याने रंगवलेल्या पाट्या हळूहळू उतरल्या, छापील फलक आले. वापरात असलेलं त्याचं एकच काम आता उरलं आहे, ते म्हणजे मी.

हल्ली बोधचिन्हं सपाट आणि सोपी करण्याची चाल आहे. मोबाइलवर मी नखाएवढा होतो आणि पिसांचा नुसता डाग दिसतो. ही तक्रार खोटी नाही. मला सोपं करण्याचं काम आलं ते नेमकं त्या मुलीकडे. ती आता डिझायनर आहे. आधी तिच्या सहकाऱ्याने संगणकाकडून झटपट बगळे काढून घेतले. एकाला तीन पाय होते.

"घ्या, एक पाय फुकट!" तो म्हणाला. मग तिनेच हात घातला.

संध्याकाळी घरी तिने मला बाबांना दाखवलं.

"पाय कुठे गेला गं?"

"बाबा, मोबाइलवर दिसत नाही तो."

"मग मोबाइलला चष्मा लाव."

"चेष्टा नको. मी नाही केलं तर काम दुसरीकडे जाईल. तिथे तर पायाचं कुणी विचारणारही नाही."

म्हातारा पानावर बसला. जेवताना एवढंच म्हणाला, "उलटं धरून पाहिलंस?"

तिने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मलमाच्या कंपनीच्या मालकीणबाई तिच्या ऑफिसात आल्या. रिवाजाप्रमाणे तुलनेसाठी भिंतीवर इतर मलमांची चिन्हं लावली होती, मध्ये मी. बाई पुढे गेल्या. "वा! आपला बगळा काय छान झालाय!"

बोट शेजारच्या चिन्हावर होतं.

"मॅडम, ते पान आहे," सहकारी पुटपुटला. "दुसऱ्या कंपनीचं."

मुलीने माझा कागद काढला, उलटा धरला, बराच वेळ पाहिला. मी पुन्हा मागे कलत होतो. "पाय परत आणते," ती म्हणाली.

"आणि मोबाइलवर दिसेल?" बाईंनी विचारलं.

तिने कागद पुन्हा सुलटा केला. "शुक्रवारपर्यंत बघा," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी दुसरीकडे देते."

मित्रांनो, मला जसाच्या तसा जपा, असं मी म्हणत नाही. डबीवरून पडद्यावर यायचं तर अंग बदलावं लागणारच. फक्त एखादी रेघ पुसण्याआधी ती तिथे का आली, एवढं विचारा. काढणारा शेजारच्या खोलीत असेल, तर नक्कीच विचारा.

आज गुरुवार. सकाळपासून बापलेक एकाच टेबलाशी बसले आहेत. पिसं परत आलेली नाहीत. पाय तिसऱ्यांदा काढून झाला आहे. उलटं धरलं तरी तोल आता नीट आहे. नखाएवढा केला की पाय मात्र अजून दिसत नाही.