बेकरीसमोरचा पिवळा खांब

मी एक जुना खांब आहे. लगेच मान वर करून दिवा शोधू नका, मित्रांनो. मी दिव्याचाही नाही आणि तारांचाही नाही. उंचीने म्हणाल तर दुसरीतल्या मुलाच्या खांद्याला लागेन, एवढाच. रंग पिवळा, म्हणजे एके काळी होता. मोठ्या रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी वाट आखली, तेव्हा गाड्या आणि सायकली यांच्यामध्ये आम्हा खांबांची एक लांबलचक रांग उभी केली. त्या रांगेतला, बेकरीसमोरचा, तो मी.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब लोखंडी नळीचे तुकडे पाडले, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी बसवली आणि आम्ही सख्खे भाऊ झालो. भाऊ सगळे सिमेंटमध्ये कायमचे रोवले गेले. मला मात्र पायाशी कुलूप मिळालं. बेकरीच्या शेजारून एक अरुंद गल्ली आत जाते. तिथे आग लागली तर बंबाला वाट हवी. म्हणून चावी फिरवली की मला उपसून बाजूला ठेवता येईल, अशी सोय केली होती. एक चावी अग्निशमन दलाकडे होती आणि दुसरी, हाताशी असावी म्हणून, बेकरीवाल्याकडे. खोटं कशाला सांगू, कुलपामुळे मी भावांपुढे जरा भाव खात असे.

सुरुवातीचे दिवस फार मजेचे गेले. शाळेची मुलं माझ्या टोपीवर टपली मारून जात. दमलेली माणसं मला टेकून सायकलची साखळी चढवत. कुत्र्यांचं तर माझ्यावर विशेष प्रेम होतं, त्याबद्दल अधिक न बोललेलं बरं. पण मी रोज वाट पाहायचो ती दोघांची, टपालकाकांची आणि काकूंची.

काका म्हणजे निवृत्त पोस्टमन. सगळा जन्म त्यांनी गाड्यांच्या गर्दीतून सायकल हाकली होती. आमची रांग त्यांना मुळीच पसंत नव्हती. आतून चालवायची म्हणजे गोठ्यात बांधून घेतल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे. काकू इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी आणि रुग्णांचे कपडे शिवायच्या. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी सायकलला हात लावला नव्हता. आम्ही उभे राहिलो तेव्हा कुठे त्यांना धीर आला. महिनाभर धडपडून, गुडघे फोडून घेऊन त्या शिकल्या. आता काका त्यांना रोज सकाळी इस्पितळापर्यंत सोबत करायचे. काकू आतून, काका बाहेरून आणि मधे आम्ही. त्यांचा संसार आमच्या फटींमधून चालायचा म्हणा ना.

"अहो, सावकाश चालवा," काकू म्हणायच्या.

"तुझ्यापेक्षा सावकाश चालवली तर पडेन मी!"

"मग आत या की. कोणी खाणार आहे का तुम्हाला?"

"तू बाहेर ये. रस्ता सगळ्यांचा आहे. आपणच कडेला सरकलो, तर उद्या हे गाडीवाले रस्त्यावर उभंही करणार नाहीत आपल्याला."

हे भांडण रोज माझ्यापाशी रंगात यायचं आणि रोज अर्धवट राहायचं. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू.

बेकरीवाला वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. त्याच्या मैद्याचा टेम्पो कोपऱ्यापलीकडे थांबायचा आणि तिथून तो पोती पाठीवर आणायचा. पुढे त्याची कंबर धरली. वाकला की डोळ्यांत पाणी यायचं. एके सकाळी त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून चावी काढली, मला उपसलं आणि फुटपाथवर आडवं ठेवलं. "दोनच मिनिटं," असं तो कोणाला म्हणाला, कोण जाणे. तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. टेम्पो थेट सायकलींच्या वाटेत, दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

मग ते रोजचंच झालं. टेम्पो उभा असेपर्यंत सायकलवाल्यांनी बाहेर रस्त्यावर यायचं आणि वळसा घालून पुन्हा आत शिरायचं. एकदा एका परिचारिकेने सायकल थांबवून बेकरीवाल्याला फैलावर घेतलं. तेव्हा त्याची बाजू घेतली ती आमच्या काकांनीच.

"जाऊ द्या हो, ताई. कंबर गेलीय त्याची. घटकाभर बाहेरून गेलं म्हणून काय बिघडतं? रस्ता काय वाघ आहे?"

ती बिचारी सायकल वळवून बाहेरून निघून गेली. मला मात्र तेव्हा फार वाईट वाटलं. काका, निदान तुम्ही तरी असं म्हणायला नको होतं.

काकूंना त्या वळशाची भीती वाटायची. काकांनी त्यांना नीट शिकवलं होतं. "आधी मागे बघ. हात दाखव. मग बाहेर ये, आणि कडेला चिकटू नकोस. मी घंटी वाजवली की समज, मी तुझ्या मागे आहे." टेम्पो दिसला की काकूंचा चेहरा आक्रसायचा. घंटी वाजली की तो सैल पडायचा.

त्या दिवशी सकाळ नेहमीसारखीच होती. ऊन पडलं होतं, पावाचा वास सुटला होता आणि मी फुटपाथवर आडवा होतो. पडल्या पडल्या टेम्पोखालून मला पलीकडची चाकंच तेवढी दिसत होती. काकूंची चाकं टेम्पोमागे हळू झाली. त्यांनी मागे बघितलं असणार, हातही दाखवला असणार, कारण चाकं अगदी सरळ, न डगमगता बाहेर आली. काकांनी आपली सायकल त्यांच्या मागे घेतली. घंटी वाजली.

बसच्या आडून एक गाडी भरधाव निघाली. तिला घाई होती. कसली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

काकूंनी टेम्पोला वळसा घातला, त्या पुन्हा आत आल्या आणि पुढे बघतच मोठ्या आनंदाने म्हणाल्या, "बघा, जमलं मला! जरासुद्धा घाबरले नाही आज!"

आणि मग त्यांनी बाहेरच्या बाजूला मान वळवली.

पुढचं मी सांगणार नाही, मित्रांनो. मला ते सांगवत नाही.

काही दिवसांनी बेकरीसमोर माणसं जमली. मी अजून फुटपाथवर आडवाच होतो. नगरपालिकेचे साहेबही आले. जो तो तावातावाने बोलत होता. कोणी म्हणालं, "सायकलवाल्यांनी मोठ्या रस्त्यावर यावंच कशाला?" दुसरा म्हणाला, "ट्रॅक असून माणूस गेलाच ना? मग काढून टाका की हे खांब. रस्ता तरी रुंद होईल." साहेब मान डोलवत होते. माझ्या भावांच्या मनात काय चाललं असेल, ते मला न बोलता कळत होतं.

तेवढ्यात काकू पायी आल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. बेकरीवाला खाली मान घालून दारात उभा होता. त्यांनी त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. पण काकू साहेबांकडे वळल्या.

"ते म्हणायचे, रस्ता सगळ्यांचा. त्यांचं बरोबरच होतं, साहेब. मीच उगीच वाद घालायचे. पण हे गाडीवाल्यांना पटायला हवं ना? त्यांना पटेल तेव्हा काढा हा खांब. मी स्वतः येईन काढायला. तोवर त्याला परत जागेवर बसवून ठेवा."

बेकरीवाल्याने मला उचललं. कंबर दुखत असतानाही एकट्याने उचललं. मला जागेवर बसवून त्याने कुलूप लावलं आणि आपली चावी साहेबांच्या हातात दिली. आता तो कोपऱ्यावरून हातगाडीने पोती आणतो. गाडी ढकलताना माझ्याकडे बघत नाही.

तेव्हापासून मी एकदाही आडवा झालेलो नाही. माझा रंग उडाला आहे, पायाशी गंज चढला आहे आणि कुलूपही बहुधा आता उघडणार नाही. कुलपाचा मला वाटायचा तो अभिमान तर केव्हाच गेला. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल, दुकानं थाटाल. तेव्हा माझ्यासारखा एखादा खांब तुमच्या वाटेत येईल आणि घटकाभर बाजूला करावासा वाटेल. तसं करू नका. त्याच्या भरवशावर कोणीतरी पन्नाशीत सायकल शिकलेलं असतं.

काकूंनी बरेच महिने सायकलला हात लावला नाही. त्या इस्पितळात चालत जायच्या. मग एका सकाळी लांबून ओळखीची चाकं येताना दिसली. हळू, पण सरळ. आता त्या रोज येतात. माझ्यापाशी आल्या की सवयीने त्यांची मान बाहेरच्या बाजूला वळते.

"अहो, सावकाश चालवा," त्या म्हणतात.

बाहेरून गाड्या जात असतात. काकू क्षणभर थांबतात, जसं काही उत्तर यायचं आहे, आणि पुढे निघून जातात. ते उत्तर मला तोंडपाठ आहे, मित्रांनो. पण मी पडलो खांब. मला ते त्यांना देता येत नाही.