लाइटवाला लॅपटॉप

इंजिनिअरिंग कॉलेजसाठी मला गेमिंग लॅपटॉपच हवा होता. मालाडच्या दुकानात आईने तो उचलून बघितला. "सुबोध, ही धोंड घेऊन रोज कॉलेजला जाणार तू?"

"अगं, दमदार मशीन जड असणारच ना!"

तेवढ्यात कीबोर्डखाली लाल-हिरवे लाइट पळायला लागले. बाबांनी दुकानदाराला विचारलं, "हे लाइट काढून केवढ्याला द्याल?"

"ते निघत नाहीत, काका."

बाबा जरा विचारात पडले आणि एकदम म्हणाले, "द्या पॅक करून." मला वाटलं, काय हे पोरावरचं प्रेम!

प्रेम कसलं, डोंबल! गणपतीत माझा लॅपटॉप थेट मखरात, बाप्पाच्या पायाशी. "तसाही जड म्हणून घरीच पडलेला असतो," बाबा म्हणाले. "यंदा लाइटच्या माळा आणायला नकोत."

आता गेम काय बुडवायचा? कानात इअरबड्स घातले, मखरापुढे गुडघे टेकले आणि वाकून दोन्ही हात आत घातले. बघता बघता शत्रूने घेरलं. मी टीममधल्या निहारला ओरडलो, "वाचव रे! मेलो मी! लवकर ये!"

मागे दर्शनाला आलेल्या जयंतीकाकू उभ्या. त्यांनी डोळे पुसले आणि आईला हळूच म्हणाल्या, "पोराला इंजिनिअरिंग झेपत नाहीये गं. कॉमर्सला घाल."