खरवडलेलं रीळ

आईचा चेहरा मी सुईने खरवडला. खिडकीपाशी बसून, फिल्मच्या एकेका चौकटीतून, चार महिने. या देशाने आम्हा आदिवासींना कसं पुसून टाकलं, ते मला दाखवायचं होतं. त्या फिल्मला निगेटिव्ह नसते, जे रीळ तेच मूळ. खरवडायच्या आधी प्रत काढायची नाही, हे माझं तत्त्व. जखम खरी हवी, असं मी मुलाखतींत ठणकावून सांगायचे आणि शहाणीसुरती माणसं माना डोलवायची. त्या अकरा मिनिटांच्या चित्रपटावर मी वीस वर्षं मिरवले. आदिवासी आधी, दिग्दर्शिका मागाहून.

गेल्या महिन्यात आई गेली. बाबांना भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात एकही निघाला नाही. आईला कॅमेऱ्याचं वावडं, त्यापायी तिने आधारकार्डही काढलं नव्हतं. ती आयुष्यात एकदाच त्याच्यासमोर बसली, तीही मी हट्ट धरला म्हणून.

"तुझ्या पिक्चरमध्ये आहे की ती," बाबा म्हणाले. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

माझा धाकटा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, सरकारी कचेरीवाल्यांनी कागदावर आपली नुसती नावं चुकवली. चेहऱ्याला त्यांनीही हात लावला नव्हता."

त्याच आठवड्यात संग्रहालयात माझे चित्रपट दाखवणार होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. पडद्यावर आई शेंगा सोलत होती. तिची बोटं, तिचा अंगठ्याजवळचा डाग, सगळं लख्ख. मानेच्या वर नुसत्या पांढऱ्या रेघा वळवळत होत्या.

"आता येईल ना चेहरा?" बाबांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग पुढे वाकून बघत राहिले. मला माझी शिसारी आली.

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदिका म्हणाली, ही अनुपस्थितीच बोलते. बाबांनीही टाळ्या वाजवल्या, लेकीचं कौतुक म्हणून. मग हळूच माझ्याकडे वळले.

"मशीन बिघडलं होतं का गं?"

धाकटा माझ्याकडे बघत होता.

"हो बाबा," मी म्हटलं.

"तरीच! दुरुस्त झालं की सांग. मी परत येईन."