मुठीवरचा डोंगर

“अठरा मिनिटं झाली!” स्वयंपाकघराच्या दारात घड्याळ घेऊन उभी असलेली बायको म्हणाली. “अहो, अजून तुमची प्रस्तावनाच संपेना. उद्या कसं व्हायचं?”

नकाशेमास्तर खडू घेऊन कपाटासमोर उभे होते. घरात फळा नाही, म्हणून कपाट. सैनिकी अकादमीत चोवीस वर्षं त्यांनी नकाशा वाचायला शिकवलं, आणि आता या वयात, कसं शिकवायचं ते शिकायला त्यांनाच बाकावर बसवलं होतं. नवा नियम! प्रत्येक प्रशिक्षकानं दोन आठवडे शिकायचं, शेवटी वीस मिनिटांचा धडा घेऊन दाखवायचा. मिनिटभर जास्त झालं तरी नापास. पास झाला तर आपला वर्ग आपल्याकडे राहणार. नापास झाला तर रवानगी कोठारात, बूट वाटायला.

“बसेल गं वीस मिनिटांत.”

“तुमचं? तुम्हाला नुसतं ‘चहा टाक’ म्हणायला पाव तास लागतो.”

मास्तर हसले खरे, पण कपाटावरची अर्धी प्रस्तावना त्यांनी पुसून टाकली. कोठाराची त्यांना लाज नव्हती. काम ते काम. पण पूर्वी प्रत्येक तुकडीत एखादा तरी हात वर करायचा, “सर, नाही कळलं.” झालं, तो मग मास्तरांचा! त्याच्यासाठी ते जमिनीवर बसून वाळूचे डोंगर करायचे, जेवणाची सुट्टी बुडवायचे. हल्ली सगळ्यांच्या मनगटावर वाट दाखवणारं यंत्र आलं. ‘समजलं?’ म्हटलं की चाळीस गळे एकदम ‘यस सर!’ गेली सहा वर्षं मास्तर त्या एका हातासाठी झुरत होते. आज ना उद्या कुणीतरी विचारेल, या आशेवर रोज फळा पुसत होते. कोठारात कोण हात वर करणार? बूट पायाला होतो किंवा होत नाही.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात पोहण्याच्या मास्तरांनी त्यांना गाठलं. परीक्षेच्या धड्याला बाकीचे प्रशिक्षकच विद्यार्थी होऊन बसत, आणि धड्याचा कागद सगळ्यांना आदल्या दिवशी मिळत असे. त्यामुळे एक रीतच पडून गेली होती.

“काळजी सोडा,” पोहण्याचे मास्तर डोळा मारत म्हणाले. “उत्तरं वाटून घेतलीत आम्ही. तुम्ही विचारायचं, आम्ही फटाफट द्यायची. एकोणीस मिनिटांत सुटलात!”

मागच्या बाकावर परीक्षक मॅडम तक्ता घेऊन बसल्या. मास्तरांच्या मुलीएवढ्या असतील, पण कामाला चोख. धडा सुरू झाला.

“नकाशावर उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या तर?”

“चढ उभा, सर!”

“लांब लांब गेल्या तर?”

“चढ सोपा, सर!”

सगळं कसं तुपात घोळल्यासारखं चाललं होतं. सोळाव्या मिनिटाला मास्तर शेवटच्या प्रश्नाशी आले. “कुणाला काही शंका?”

“नाही सर!” सगळे म्हणाले. कवायतमास्तर तेवढे गप्प होते. ज्यांची हाक तीन मैदानं ओलांडून जाते, ते खाली बघत हळूच म्हणाले, “मास्तर, खरं सांगू? मला हे कळलेलंच नाही.”

खसखस पिकली. पोहण्याच्या मास्तरांनी त्यांना कोपरानं ढोसलं, “अहो, तुमचं उत्तर हे नव्हतं!”

“माहितेय मला.” कवायतमास्तरांचे कान लाल झाले होते. “अठरा वर्षं झाली. रानात जायची वेळ आली की मी आपला दुसऱ्याच्या मागं चालतो. मला रेषा दिसतात, डोंगर दिसत नाही. विचारायची छातीच झाली नाही कधी. आज विद्यार्थी म्हणून बसलोच आहे, तर विचारतो.”

मास्तरांची नजर घड्याळाकडे गेली. घड्याळात सतरा मिनिटं झाली होती. ‘प्रश्न चांगला आहे, नंतर भेटा,’ एवढं म्हणायचं असं त्यांना त्या दोन आठवड्यांत शिकवलंच होतं, आणि ते वाक्य ओठांवर आलंही होतं. त्यांनी खडू खाली ठेवला.

“मूठ आवळा.”

“काय?”

“आवळा हो!” मास्तर त्यांच्या बाकावरच जाऊन बसले. खिशातलं पेन काढून त्यांनी त्या दणकट मुठीच्या प्रत्येक उंचवट्याभोवती एकाखाली एक गोल रेघा काढल्या. “हे तुमचे डोंगर. आता हात पसरा. सपाट. हा झाला नकाशा. डोंगर गेले?”

“गेले नाहीत... बसले खाली.”

“पुन्हा आवळा.”

“उठले की!”

“इथं रेघा दाटल्यात. इथून चढाल?”

“मान मोडेल ना!”

“सर, वीस झाली,” मॅडम म्हणाल्या.

“हो, मॅडम,” मास्तर म्हणाले, आणि कवायतमास्तरांकडे वळले. “आता दोन शिखरांमधली खिंड दाखवा.”

खिंड सापडली. मग खरा नकाशा पुढ्यात आला, आणि कवायतमास्तरांचं जाडजूड बोट रेषांवरून अडखळत चालू लागलं. मध्येच ते थांबलं. “मास्तर! डोंगर दिसतोय मला!” ही आरोळी मात्र अस्सल मैदानावरची होती. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. मास्तरांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

नंतर मॅडम त्यांच्याजवळ आल्या. “सर, असा धडा मी पाहिला नव्हता. पण वेळ मला खरीच लिहावी लागेल. सगळ्यांना तोच नियम आहे.”

“लिहा की. चौतीस मिनिटं झाली. एकही कमी करू नका.”

घरी बायकोनं विचारलं, “किती झाली?” आकडा ऐकून तिनं हातातलं घड्याळ फडताळात ठेवून दिलं. मग म्हणाली, “कुणीतरी विचारलं वाटतं!” मास्तरांनी मान डोलावली.

महिन्याभरानं मास्तर बुटांचे खोके घेऊन जुन्या वर्गावरून चालले होते. आत नव्या प्रशिक्षकाचा धडा चालू होता. ‘समजलं?’ ‘यस सर!’ आणि त्या गलक्यामागून एक बारीक आवाज आला, “सर, मला नाही कळलं.”

मास्तरांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलंसुद्धा.

“कुठपर्यंत कळलं?” नवा प्रशिक्षक विचारत होता. “चल, तिथून धरू.”

मास्तरांनी पाऊल मागे घेतलं. खोके छातीशी नीट धरले, आणि बुटांचा आवाज होऊ न देता ते कोठाराकडे निघाले.